‘तुका कोणें सांगलें?’ : नेटवर लोकांनी लिहिलेलं पारखायचं कसं

जुलैचा दुसरा आठवडा. चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. कॉलेजातली तीन मुलं वाचनालयात पुस्तकं परत करायला आली आणि मोठ्या टेबलाशी बसून एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी बघू लागली. रविवारी धबधब्यावर जायचा बेत होता. नकाशावर त्या धबधब्याला साडेचार तारे, आणि सगळ्यात वरचा अभिप्राय असा : ‘पाणी स्वच्छ, उथळ, लहान मुलांनाही पोहायला एकदम सेफ.’ त्यांच्यातला एक मला म्हणाला, “ताई, बघा ना, जाऊन आलेल्या लोकांनीच लिहिलंय.”

मी चष्मा लावून बघितलं. अभिप्रायाखाली बारीक अक्षरात होतं, ‘२ महिन्यांपूर्वी’. जुलैतून दोन महिने मागे मोजले की मे येतो. सोबतचा फोटो मोठा करून दाखवला. खडक वाळून पांढरे पडलेले, पाणी घोट्याएवढं, काठावर सुक्या पानांचा थर. लिहिणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं तेच लिहिलं, फक्त त्याने पाहिला तो मे महिना. आता त्याच जागी वर डोंगरात कोसळलेला पाऊस बघता बघता खाली उतरतो. तुम्ही उभे असता तिथे ऊन पडलेलं असलं तरी पाणी चढतं. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. मुलांना तेवढी आठवण करून दिली. रविवारी ती गेली नाहीत.

फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी तेवीस वर्षं काम करते. पूर्वी लोक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन यायचे आणि विचारायचे, “हे खरं का हो?” आता मोबाईल पुढे करतात. अभिप्राय, फेसबुकच्या ग्रुपवरची उत्तरं, यूट्यूबखालच्या प्रतिक्रिया, विकिपीडिया, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं. पोटतिडकीने विचारतात, कारण त्यावर कुणाचं औषध अवलंबून असतं, कुणाचे पैसे, कुणाची सहल. मी काय काय बघते ते इथे सविस्तर लिहिते.

पोदेर काय सांगायचा

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर बातम्या आणायचा तो पोदेर, म्हणजे पाववाला. पहाटे सायकलच्या टोपलीत पाव, पोई, काकणां घेऊन भोंपू वाजवत यायचा आणि पावांबरोबर गावभरच्या गोष्टी देऊन जायचा. “साकवावर पाणी आलंय, आज पलीकडे जाऊ नका,” असं त्याने म्हटलं की आई आम्हाला त्या वाटेने शाळेला सोडत नसे. तो नुकताच तिथून चालत आलेला असायचा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली दिसायची. तोच पोदेर जेव्हा म्हणायचा, “अमक्याच्या घरात वाटणीवरून भांडण झालं,” तेव्हा आजी स्वयंपाकघरातूनच विचारायची, “तुका कोणें सांगलें?” तुला कोणी सांगितलं? मग तो जरा घुटमळायचा. पोदेर तोच, सकाळ तीच, पण एक गोष्ट त्याच्या पायांनी तपासलेली आणि दुसरी कुणाच्या तरी दारात ऐकलेली.

नेटवर लोकांनी लिहिलेलं वाचताना मी हाच प्रश्न विचारते. हे खरं की खोटं, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला की आपण अडकतो, कारण त्याचं उत्तर आपल्यापाशी नसतंच. त्याऐवजी बघायचं, की या माणसाला हे कळलं कसं असेल? तो तिथे होता का? कधी होता? आणि त्याने जे सांगितलं ते तिथे उभं राहून कळण्यासारखं आहे का?

या तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. हॉटेलात जेवलेला माणूस मासे ताजे लागले की नाही ते सांगू शकतो. ‘इथे मासे रोज मालीमच्या जेटीवरून येतात’ हे त्याला ताटावर बसून कळत नाही, ते वेटरने सांगितलेलं असतं. एकाच अभिप्रायातली ही दोन वाक्यं वेगळी काढून वाचायची. पहिल्यावर विश्वास ठेवावा, दुसरं बाजूला ठेवावं. पूर्ण माणसालाच खोटा ठरवण्याची गरज पडत नाही.

अळमी : एका संध्याकाळची गोष्ट

गोव्यात पावसाळा लागला की रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी, म्हणजे अळंबी, विकायला येतात. वारुळावर उगवणारी ती अळमी म्हणजे आमच्याकडे वर्षाचा सण. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारणीच्या परसात, पेरूच्या झाडाखाली, सकाळी उठून बघते तर पांढऱ्या छत्र्यांचा घोळका. तिने फोटो काढला आणि दोनशेहून जास्त माणसांच्या एका ग्रुपवर टाकला : ‘ही खायची अळमी का?’

वीस मिनिटांत चौदा उत्तरं. ‘हो, खा खा.’ ‘नशीबवान आहात.’ ‘आमच्याकडे रोज खातात.’ ‘मलाही पाठवा.’ ‘चांदीचा चमचा घालून उकळा, काळा झाला नाही तर बिनधास्त खा.’ आणि एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं : ‘मुळासकट काढून, उलटी करून फोटो टाका. कुठे उगवलीत? जवळ वारूळ आहे का?’

शेजारीण मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. “तेरा जण हो म्हणतात,” ती म्हणाली. मी तिला विचारलं, की फोटोत छत्रीचा वरचा भागच दिसतोय, देठाचं बूड मातीत आहे, खालच्या पाकळ्या दिसत नाहीत. मग या तेरा जणांना कळलं कशावरून? त्या फोटोवरून कुणालाही कळणं शक्य नव्हतं. चौदा जणांत जाणता एकच होता आणि त्यानेच उत्तर दिलेलं नव्हतं, आधी माहिती मागितली होती. मी तेव्हापासून हे लक्षात ठेवलं आहे. ज्याला विषय कळतो तो आधी विचारतो. ज्याला कळत नाही तो लगेच हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो.

आम्ही दोघी परसात गेलो. कोयत्याने एक अळमी सांभाळून खणून काढली. वारुळावरच्या अळमीचा देठ मातीत मुळासारखा लांब, खोलवर वारुळापर्यंत गेलेला असतो आणि छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. हिचा देठ दोन बोटं खाली गेला आणि फुगून संपला. आसपास वारूळ नाही, घर बांधताना टाकलेल्या भरावाची माती. एक जुनी, पसरलेली छत्री उलटी केली तर खालच्या पाकळ्यांवर हिरवट छटा. छत्री तोडून पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली, वर वाटी झाकली आणि सकाळी बघितलं. कागदावर फिकट हिरव्या भुकटीचा, म्हणजे अळमीच्या बीजाणूंचा, ठसा उमटला होता. हिरव्या बीजाणूंची ही अळमी खाल्ली तर तासा-दोन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. शेजारणीने सगळी खणून पुरली.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर माझं लिहिणंही त्या चौदा उत्तरांसारखं होईल. कागदावरचा ठसा हिरवा आला तर ती अळमी टाकून द्यायची. तो पांढरा आला म्हणून ती खायची झाली असं मात्र नाही, कारण जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांचे बीजाणू पांढरेच असतात. चांदीच्या चमच्याची गोष्ट तर पूर्ण चुकीची आहे, आणि शिजवून ते विष जातही नाही. ‘काल रात्री आम्ही खाल्ली, काही झालं नाही’ हा अभिप्रायही तपासून घ्या. त्या घातक जातींमध्ये त्रास सुरू व्हायलाच सहा तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो. रात्री जेवून सकाळी लिहिणाऱ्याला आपल्याला काही होणार आहे की नाही हे अजून कळलेलंच नसतं.

साप, औषध, गर्भारपण, लहान मुलांचा ताप यांनाही हेच लागू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार आपल्याकडचे सर्वांत जास्त बळी घेणारे विषारी साप. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून लोक उचलायला जातात. अंधारात काढलेल्या हललेल्या फोटोवर दहा जण ‘बिनविषारी’ लिहितात. साप चावला असेल तर फोटो टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा. ज्या उत्तरावर जीव अवलंबून आहे ते उत्तर ग्रुपवर मागायचंच नाही. ग्रुपवर एवढंच विचारावं, की जवळ कुठल्या हॉस्पिटलात सोय आहे, आणि तेही फोन करून पडताळावं.

तारे मोजू नका, तारखा मोजा

माझी मावसबहीण पुण्याला असते. तिने एका डिसेंबरात उत्तर गोव्यात किनाऱ्याजवळ एक व्हिला ठरवला. पाच तारे, चाळीस-एक अभिप्राय, पोहण्याच्या तलावाचे सुंदर फोटो. अठरा हजार आगाऊ भरले. मुलाबाळांसह ती पत्त्यावर पोचली तर तिथे कुंपण घातलेला रिकामा प्लॉट. फोन बंद. रात्री साडेदहाला ती मंडळी आमच्याकडे आली. मुलं उपाशी होती, बहीण रडत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी बसून ते पान परत वाचलं आणि जे आधी दिसायला हवं होतं ते एकेक दिसत गेलं.

चाळीसच्या चाळीस अभिप्राय दोन आठवड्यांच्या आत आलेले. खऱ्या जागेला अभिप्राय पागोळीसारखे ठिबकत येतात, हंगामात चार जास्त, पावसाळ्यात एखादा. सगळे एकदम आले की कुणीतरी बसून लिहून घेतले असं समजावं. लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याने आणखी कुठे काय लिहिलंय ते दिसतं. इथे एकाच माणसाने एकाच आठवड्यात गोव्यातला व्हिला, दुसऱ्या टोकाच्या शहरातला दातांचा दवाखाना आणि तिसरीकडचं फर्निचरचं दुकान, सगळ्यांना पाच तारे दिले होते. हा माणूस तिन्हीकडे गेला असेल कसा? अभिप्रायांत जागेची खूण म्हणून एकही नव्हती. ‘अप्रतिम अनुभव, मालक फार चांगले, पुन्हा नक्की येऊ.’ प्रत्यक्ष राहून आलेला माणूस काहीतरी बारीकसारीक लिहितोच. गाडी लावायला जागा अरुंद आहे, पहाटे शेजारचा कोंबडा ओरडतो, दुसऱ्या मजल्यावर पाण्याला जोर नाही. असं एखादं निरुपयोगी वाटणारं वाक्य दिसलं की माझा विश्वास वाढतो, कारण ते घरात बसून सुचत नाही.

मग तलावाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, म्हणजे फोटोवरूनच शोध घेतला. तोच तलाव दुसऱ्याच देशातल्या एका हॉटेलच्या पानावर निघाला. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि अठरा हजार वाचले असते. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं तेही वाचायचं. तिने पाठवले तेव्हा व्हिलाच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं होतं आणि घाईत तिने ते सोडून दिलं. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या क्रमांकावर फोन करायचा, ही सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी केला, तोवर उशीर झाला होता.

नकाशावरच्या फोन नंबरांबद्दल वेगळं सांगते. नकाशावर दुकान किंवा बँकेची शाखा दिसते तिचा नंबर बदलायची सूचना कुणीही करू शकतं. ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरावर फोन केलेल्यांचे पैसे गेल्याची उदाहरणं आमच्याच वाड्यावर आहेत. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा.

तारखांचं आणखी एक. गोव्यात ऋतूप्रमाणे सगळंच बदलतं. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यात उतरवलेले असतात, दूधसागरच्या जीप पावसाळ्यात बंद असतात, आणि कुळेहून रुळांवरून चालत दूधसागर गाठायचं वर्णन जुन्या लेखांत अजून सापडतं, पण तसं जायला रेल्वेची मनाई आहे. अभिप्रायावर ‘एक वर्षापूर्वी’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो मे की ऑगस्ट हे कळत नाही. अशा वेळी त्यातला फोटो उघडावा, त्यावर बहुधा महिना आणि साल असतं. मी तर अभिप्राय आधी ‘सर्वांत नवीन’ असे लावून घेते आणि मग मधले, तीन ताऱ्यांचे वाचते. तीन तारे देणाऱ्याला कुणाचं भलंही करायचं नसतं आणि सूडही घ्यायचा नसतो. काय बरं, काय वाईट हे तो शांतपणे लिहितो.

फूल आणि दोन पानं

आता जरा नाजूक जागा. आमच्या वाचनालयाच्या सभासदांत विलीनीकरणवाद्यांची मुलं आहेत आणि संघप्रदेशवाद्यांचीही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा संघप्रदेश राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. त्याचा विषय निघाला की अजून आवाज चढतात. एका जानेवारीत एक पोस्ट फिरत आली, की कौलाचा निकाल जेमतेम काहीशे मतांनी लागला आणि म्हणून तो खरा धरू नये. खाली शेकडो प्रतिक्रिया, दोन्ही बाजूंनी शिवीगाळ.

आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना भाई म्हणतो. त्यांनी त्या दिवशी मत दिलं होतं. मी त्यांना विचारलं तर त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं, विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं ही चिन्हं, प्रचाराच्या गाड्या, घराघरांतला ताण. आणि म्हणाले, “आमच्या केंद्रावर सगळी फुलंच होती. तरी हरलो. काहीतरी गडबड झालीच.”

भाईंच्या सांगण्यातला पहिला भाग मी सोन्यासारखा जपून ठेवला, वहीत लिहून घेतला. रांगेत उभं राहिलेल्या माणसाकडूनच ते मिळतं. दुसऱ्या भागाबद्दल मात्र त्यांना रांगेत उभं राहून कळण्याजोगं काही नव्हतं. आपल्या केंद्रावरून सबंध गोवा कळत नाही. मतांची मोजणी हा कागदाचा विषय. आकडे छापलेले आहेत : संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. वजाबाकी केली की ३४,०२१ येतात. भाईंनी स्वतः पेन घेऊन वजाबाकी केली. त्यांचं दुःख त्याने कमी झालं नाही, आणि ते व्हावं असं मला वाटतही नव्हतं. पण ‘काहीशे मतं’ त्यांनी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

ज्या विषयावर आपण आधीच एका बाजूला उभे आहोत तिथे सर्वांत जास्त जपायचं. वाचताक्षणी ‘बघा, मी म्हणतच होतो’ असं मनात आलं की मी ती गोष्ट त्याच दिवशी कुणाला पाठवत नाही.

दहा पानं, साक्षीदार एक

शाळेतल्या मुलांना प्रकल्प असतो : आपल्या तालुक्यातली देवस्थानं. मंगेशीचा देव १५६० मध्ये कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, प्रियोळला आणला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं, पण प्रकल्पाला तपशील लागतो. एका मुलीने एका लहान देवळाबद्दल दहा पानं छापून आणली आणि म्हणाली, “दहा ठिकाणी तेच साल दिलंय, म्हणजे बरोबरच असणार.” मी ती पानं शेजारी शेजारी मांडली. दहाही पानांवर गावाचं नाव एकाच तऱ्हेने चुकलेलं, स्वल्पविरामही त्याच जागी. एकाने लिहिलं, नऊ जणांनी उचललं. साक्षीदार एकच, आणि त्याला आपल्या शेजारच्या गावाचं नावही नीट माहीत नाही. ते साल आम्ही घेतलं नाही.

एखादं चमत्कारिक वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकून शोधलं की ते कुठून कुठे गेलं ते दिसतं. विकिपीडियाबाबत असं एक गाजलेलं उदाहरण आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याच्या पानावर गमतीने लिहून ठेवलं, की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ही म्हणतात. पुढे वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं, आणि मग त्या वर्तमानपत्रांचाच संदर्भ विकिपीडियावरच्या त्या वाक्याला लागला. काही वर्षं ते तसंच राहिलं. म्हणून संदर्भ आहे एवढ्यावर थांबू नये. संदर्भाची तारीख बघावी, तो त्या वाक्याच्या आधीचा की नंतरचा.

मी विकिपीडियाच्या विरुद्ध मुळीच नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, कितीतरी लोकांनी पदरचा वेळ घालून तो उभा केलाय आणि मी रोज वापरते. त्याच्यासारखी उघडी वही दुसरी नाही. ‘इतिहास पहा’वर गेलं की कुणी, कधी, काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. काल रात्री कुण्या बिननावाच्या माणसाने साल बदललं असेल तर तिथे कळतं. ‘चर्चा’ पान उघडलं की लोक कशावरून भांडताहेत ते दिसतं, आणि भांडण जिथे असतं तिथेच वाचकाने थबकायचं असतं. एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य प्रकल्पात घालू नये, असं मी मुलांना सांगते. छापील पुस्तकात अशी सोय नसते, तिथे चूक शांतपणे छापलेली असते.

शेवट कापलेली चित्रफीत

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्या दिवसांत देशभर मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत होते. त्यांतल्या एकात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेताना दिसायचे. ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना जागं करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेलं पाठवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

संदेशावर दोन बाण दिसले तर तो हातोहात खूप फिरून आलेला असतो. ज्याने तुम्हाला पाठवला त्याला त्यातलं काहीही माहीत नाही, तो फक्त पोचवणारा. मी त्यालाच विचारते, “तुला कोणी पाठवलं? त्याला कोणी?” दोन पायऱ्यांपुढे कधीच जाता येत नाही, आणि तेच माझं उत्तर असतं. व्हिडिओ अर्ध्यातच संपल्यासारखा वाटला तर एक चौकट थांबवून तिचा स्क्रीनशॉट लेन्समध्ये टाकावा, पूर्ण चित्रफीत बऱ्याचदा सापडते. गाड्यांच्या पाट्या, दुकानांवरची लिपी, लोकांचे कपडे बघावेत. गोव्यात पूर आल्याचा म्हणून आलेल्या एका व्हिडिओत मागच्या बसवर परक्याच लिपीतली पाटी होती.

दर पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’चं पत्रक येतं, सही-शिक्क्यासकट. त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. पत्रकातली तारीख आणि वार जुळतात का बघा. जुनं पत्रक असेल तर वार बहुधा चुकतो.

आपण लिहितो तेव्हा

हे सगळं उलट्या बाजूनेही करावं लागतं, कारण आपणही कुणासाठी तरी अनोळखी लिहिणारे असतो. गेल्या वर्षी सांग्याहून एक बाई संदर्भासाठी दोन बसगाड्या बदलून आमच्या वाचनालयात आल्या आणि दाराला कुलूप. नकाशावर आम्ही सोमवारी उघडे असल्याचं दाखवलं होतं. कधीतरी कुणीतरी भरलेली माहिती, आम्ही ती कधी बघितलीच नव्हती. त्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, समोरच्या दुकानदाराने मला फोन केला म्हणून कळलं. मी जाऊन दार उघडलं, त्यांना हवे होते ते अंक काढून दिले. मग दाराजवळच्या वेळापत्रकाच्या पाटीचा फोटो काढला, नकाशावर वेळ दुरुस्त केली, फोटो जोडला आणि लिहिलं : ‘मी इथेच काम करते. सोमवारी वाचनालय बंद. इतर दिवशी सकाळी ९ ते १, दुपारी ३ ते ७. चतुर्थीचे पाच दिवस बंद. वेळ बदलली तर मी इथे नवा फोटो टाकेन.’

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, रजिस्टर उघडायच्या आधी, मी ते पान उघडून बघते.